आज कितवा दिवस?

पुण्यातल्या टेस्ट ट्यूब बेबी क्लिनिकच्या त्या वेटिंग रूममध्ये कुणी कुणाचं नाव विचारत नाही. शेजारी बसलेली बाई पाण्याची बाटली पिशवीत ठेवते, जरा सरकून जागा देते आणि विचारते, "आज कितवा दिवस?" पाळीचा कितवा, इंजेक्शनचा कितवा की गर्भ आत सोडल्यानंतरचा कितवा, हे आपलं आपण समजून घ्यायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं वार विचारतेय. "मंगळवार," म्हणाले. ती इतकी मोठ्यांदा हसली की काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून बघितलं. ती बारामतीची होती.

पुढेही आम्ही नावं फारशी वापरली नाहीत. बारामती, जुन्नर, कराड, चिंचवड आणि मी सातारा. फोनमध्ये नंबरसुद्धा तसेच. एकदा माझ्या मोबाइलवर 'जुन्नर' असा मिस्ड कॉल बघून नवऱ्यानं विचारलं, "डेपोतून कशाला फोन आला तुला?"

लग्नाला सात वर्षं झाली होती. माझं वय 34, नवऱ्याचं 36. मी पतसंस्थेत कामाला, तो एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर, शिफ्ट ड्यूटी. साताऱ्यात माझ्या सगळ्या तपासण्या झालेल्या. गर्भनळ्या मोकळ्या, थायरॉइड ठीक, एएमएच, म्हणजे अंड्यांचा साठा किती ते सांगणारा रक्ताचा आकडा, वयाच्या मानानं बरा. दोनदा आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडणं, करून झालं, त्याचं काही झालं नाही. मग 2023 च्या जूनमध्ये पुण्याला गेलो आणि तिथं पहिल्यांदा कुणीतरी नवऱ्याचा रिपोर्ट नीट समोर ठेवून समजावला. मिलिलिटरला निदान दीड कोटी शुक्राणू असावेत असं धरतात, याचे 40 लाख होते आणि त्यातलेही बरेचसे जागच्या जागी वळवळणारे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इक्सी करू. म्हणजे एक अंडं, एक शुक्राणू, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईनं आत सोडायचा. "एक चांगला मिळाला तरी एका अंड्याचं काम होतं," असं त्या अगदी वाण्याच्या दुकानात बोलावं तसं बोलल्या. मला ते आवडलं.

परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. खंबाटकी घाट संपून गाडी वेळे गावात आली तरी एक शब्द नाही. मीही बोलले नाही. काय बोलणार? सात वर्षं सगळे उपाय माझ्यावर झाले होते. काढे मी प्यायले, सोमवार मी धरले, "काही विशेष?" हा प्रश्न मला विचारला गेला. याला कुणी साधं "तू कसा आहेस" असंही विचारलं नव्हतं.

रिपोर्टचं पाकीट मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. मनात ठरवलं, हे आपल्या दोघांतच ठेवायचं, बोल माझ्यावर येतातच आहेत, त्यात आणखी काय. ती माझी मदत, असं मला वाटत होतं. पंधरा दिवसांनी रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, कोरेगावला एक वैद्य आहेत, बायकांच्या सगळ्या दोषांवर औषध देतात. नवऱ्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. म्हणाला, "आई, तिच्यात काही दोष नाही. रिपोर्ट माझा खराब आहे."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "दुखतं का कुठं तुला?"

"नाही गं."

"मग बरं." आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठीचा काढ्याचा पेला ओट्यावर नव्हता. त्याबद्दल त्या घरात कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण आठवड्यानं मावससासूबाई आल्या आणि माझ्याकडे बघून नेहमीचं सुरू झाल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ते दोघं बघताहेत काय ते. तुझा चहा गार होतोय."

टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं, असं त्यांचं म्हणणं. 1986 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली, तेव्हा पेपरांतून ते खूप गाजलं होतं. सासूबाई त्या वेळी सात महिन्यांच्या गरोदर होत्या, माझा नवरा पोटात. "मला वाटलेलं, नऊ महिने ते पोर काचेच्या नळीतच वाढलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बरंय की, कंबर तरी दुखली नाही त्या बाईची." मी त्यांना सांगितलं, तसं नसतं, बाहेर फक्त पाच दिवस, पुढचं सगळं पोटातच. त्यांचा चेहरा जरा पडला. कंबरदुखीचा मुद्दा त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचा असावा.

आधी कागद. आधार, लग्नाचा दाखला, रक्ताचे रिपोर्ट, मग संमतिपत्रांचा गठ्ठा. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसाठीचा 2021 चा कायदा आल्यापासून हे सगळं काटेकोर झालंय. बाईचं वय 50 च्या आत हवं, पुरुषाचं 55 च्या. उरलेले गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. एका रकान्यात विचारलेलं असतं की दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर साठवलेल्या गर्भांचं काय करायचं. अजून गर्भ नाही, अंडं नाही, आणि तुम्ही दोघं शेजारी बसून मरणाचा रकाना भरताय. नवऱ्यानं पेन माझ्याकडे दिलं, मी त्याच्याकडे. शेवटी जे लिहिलं ते आमच्यात आहे. शेजारच्या खुर्चीत जुन्नरची सासू समुपदेशक बाईंना हळूच विचारत होती, "मुलगाच होईल असं काही करता येतं का?" बाईंनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. तिथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे, अशी हातभर पाटी होती. जुन्नर तेव्हा पंचवीस वर्षांची. तिनं त्या वेळी जमिनीकडे बघितलं ते मला आजही दिसतं.

पाळी आली नेमकी 17 जुलैला, अमावास्येला. दुसऱ्या दिवसापासून अधिक श्रावण. मावससासूबाईंचा फोन, अधिकात नवीन काही सुरू करू नका. सासूबाई म्हणाल्या, "पाळी काय पंचांग बघून येते का?" आणि फोन ठेवला. त्या बाई उपास-तापास करणाऱ्या, एकादशी न चुकवणाऱ्या. तरीही.

18 तारखेपासून इंजेक्शनं. ती 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात. आणायची थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या जेलपॅकमध्ये, पुण्याहून साताऱ्यापर्यंत मांडीवर धरून. तो डबा मला कराडनं दिला, तिच्याकडे दोन होते, आणि वर सांगितलं की जेलपॅक औषधाला थेट टेकू देऊ नको, मध्ये रुमाल घाल, औषध गोठलं तर वाया जातं. हे मला औषधाच्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. घरी सासूबाईंनी फ्रीजच्या दारातला वरचा खण रिकामा केला. त्यातलं लोणचं, आल्याचे तुकडे, नवऱ्याच्या सॉसच्या पुड्या खाली गेल्या. "या खणाला कुणी हात लावायचा नाही," असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. सासरे त्या फ्रीजला एरवीही हात लावत नाहीत.

इंजेक्शन द्यायचं नवऱ्यानं. पोटाला, बेंबीपासून दोन बोटं सोडून. पहिल्या दिवशी त्यानं यूट्यूबवर तीन वेळा बघितलं, हात दोनदा धुतले, स्पिरिटचा कापूस फिरवला, चिमटीत कातडी धरली आणि तसाच थांबला. सुई माझ्या पोटापासून एक इंचावर आणि तिच्या टोकाला थेंब थरथरतोय. "अहो, द्या आता, थंडी वाजतेय," मी म्हणाले. त्यानं डोळे मिटून दिलं. खरंच मिटून. मी ओरडले ते दुखलं म्हणून नाही, त्याचे मिटलेले डोळे बघून. चौथ्या दिवशी तो इतका तयार झाला की बोलता बोलता टोचायचा, आणि मला आपलं वाटायचं, पहिल्यासारखं जरा घाबरला तर बरं.

दर दोन-तीन दिवसांनी पुण्याला सोनोग्राफी. पहाटे साडेपाचची विनाथांबा, स्वारगेटला उतरून रिक्षा. त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. त्या जुलै ते सप्टेंबरात मी चौदा खेपा केल्या, नवऱ्याला रजा मिळाली त्यातल्या पाच वेळा. उरलेल्या नऊ वेळा माझ्याबरोबर बाक होता. म्हणजे त्या बाकावरच्या या चौघी.

बाकावर काय चालायचं? आत जाऊन आलेलीला पहिला प्रश्न, "किती?" म्हणजे अंडाशयात अंड्यांच्या पिशव्या किती. डावीकडे पाच, उजवीकडे सहा. मोठी किती? अठरा मिलिमीटरच्या पुढे गेली की तयार. शाळेतल्या मार्कांसारखं आम्ही ते ऐकायचो. चिंचवड मांडीवर लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये बसलेली असायची आणि माइक बंद करून विचारायची, "सकाळी संडास साफ होते का तुम्हाला? मला गोळ्यांनी तीन दिवस नाही." कुठल्याही मैत्रिणीशी, सख्ख्या बहिणीशी मी हे बोलले नसते. बारामतीची ही चौथी वेळ. कुठल्या सिस्टरचा हात हलका, कुठल्या दिवशी डॉक्टर उशिरा येतात, रक्त देण्याआधी पाणी प्यायलं की शीर लगेच सापडते, हे सगळं तिच्याकडून. एक गोष्ट मात्र तिनं पहिल्याच दिवशी बजावली. "रिपोर्टच्या दिवशी कुणी कुणाला फोन करायचा नाही. ज्याचं त्यानं सांगायचं. सांगितलं नाही तर समजून घ्यायचं."

28 जुलैला, शुक्रवारी, शेवटचं इंजेक्शन. याला ट्रिगर म्हणतात. ते दिल्यापासून बरोबर 36 तासांच्या सुमाराला अंडी काढायची असतात, म्हणून वेळ मिनिटात ठरते. माझी वेळ रात्री साडेदहा. नवऱ्याची शिफ्ट तीन ते अकरा, पण साहेबांनी नऊला सोडायचं कबूल केलेलं. पावणेदहाला त्याचा फोन, मशिन अडकलंय, माणूस आत आहे, त्याला इजा नाही पण मला हलता येत नाही. बाहेर पाऊस. सासूबाईंना सुई बघवत नाही. मी बारामतीला फोन लावला.

तिनं व्हिडिओ लावायला सांगितला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. "कुपी आधी तळहातात धर, गारठा जाऊ दे. आता सुई वर कर. टिचकी मार, बुडबुडा वर येऊ दे. आलाय? आता हळू दाब." मागे तिच्याकडे गोठ्यात म्हैस ओरडत होती. दहा अठ्ठावीसला ती म्हणाली, "आता नुसती बसून राहा." दोन मिनिटं आम्ही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "झाले साडेदहा. टोच." मी टोचलं. दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं होतं, त्या म्हणाल्या, "झालं का गं?" बारामती फोनमधूनच म्हणाली, "झालं, मावशी."

अंडी काढायच्या आदल्या रात्री आम्ही चिंचवडच्या घरी झोपलो. तिनंच बोलावलं, पहाटेच्या गाडीची रिस्क नको म्हणून. तिच्या नवऱ्यानं आणि माझ्या नवऱ्यानं क्रिकेटवर दोन तास काढले. सकाळी माझ्या हातात सलाईन, दहा-पंधरा मिनिटांची भूल, जागी झाले तेव्हा कुणीतरी म्हणत होतं, "अकरा मिळाली." अकरातली नऊ पक्व, नवातली सात फळली, पाचव्या दिवसापर्यंत तीन टिकली. हे आकडे लॅबमधून एकेक दिवसाआड फोनवर कळायचे आणि दर फोनला आकडा खाली जायचा. कुणी आधी सांगितलं नसतं तर मी हादरले असते. बाकावर सगळ्यांचेच आकडे असे उतरलेले ऐकले होते.

पोट मात्र फुगलं. तीन दिवसांत अडीच किलो वजन वाढलं, बसलं की धाप. अंडाशयांना औषध जास्त लागू पडलं की असं होतं. डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, आत्ता गर्भ सोडायचा नाही, तिन्ही गोठवू, शरीर शांत होऊ दे. शहाळ्याचं पाणी, आणि प्रथिनं, अंड्याचा पांढरा भाग. अधिक श्रावण, आमच्या घरात कांदा-लसूणही बंद. सासूबाईंनी मागच्या अंगणातली चूल पेटवली, एक जुनं पातेलं काढलं आणि रोज चार अंडी उकडली. सोलून द्यायच्या नाहीत, ते मी सोलायचं. पण उकडायच्या त्या. पातेलं अजून तिथंच मागे पालथं पडलेलं आहे.

गर्भ द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांत ठेवतात. ते ऐकल्यावर मला रात्री झोप येईना, नसत्या शंका. वाचायला घेतलं तर डॉ. सुभाष मुखर्जी सापडले. कोलकात्यात 3 ऑक्टोबर 1978 ला, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर सव्वादोन महिन्यांत, त्यांनी भारतातली पहिली जन्माला घातली. आणि ती गोठवून ठेवलेल्या गर्भातून, पुढच्या पाळीचक्रात आत सोडून. माझं होणार होतं अगदी तसंच. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारी समितीनं खोटं ठरवलं, भलत्याच विभागात बदली झाली, आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांचं काम पुढं मांडलं ते डॉ. आनंद कुमार यांनी, 1986 च्या हर्षामागे ज्यांचं संशोधन होतं त्यांनीच. कागदपत्रं बघितल्यावर आपण पहिले नव्हतो हे त्यांनी स्वतः सांगितलं. मी हे सकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला घरात कुणी विचारलं नसेल का, दुखतं का म्हणून?"

4 सप्टेंबरला गर्भ सोडला. भूल नाही, लघवी तुंबवून झोपायचं, पडद्यावर एक पांढरा ठिपका आत जाताना दिसतो, झालं. त्याआधी पाच दिवसांपासून तेलातली इंजेक्शनं, ही कमरेच्या खाली, मागे. तेल घट्ट, सुई जाड. नवरा कुपी मुठीत धरून गरम करायचा, आज डावी बाजू, उद्या उजवी, कॅलेंडरवर 'डा' आणि 'उ' लिहून ठेवायचा. गाठी आल्या. रात्री तो गरम पाण्याची पिशवी धरून बसायचा आणि तसाच बसल्या बसल्या झोपायचा, पिशवी कलंडायची.

चौदा दिवस वाट बघायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपून राहायची गरज नाही, त्यानं काही जास्त यश येत नाही, कामावर जा. घरात कुणाला पटलं नाही. मी पतसंस्थेत गेले आणि गर्दीत पैसे मोजत बसले, तेवढाच वेळ डोकं शांत.

रक्त दिलं 18 तारखेला, हरतालिकेच्या दिवशी. दुपारी तीनला रिपोर्ट मोबाइलवर आला. बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला की नाही ते सांगणारा रक्तातला आकडा, 1.2. पाचच्या खाली म्हणजे नाही. मी फोन उलटा ठेवला आणि समोरच्या आजोबांची एफडीची पावती करून दिली. तिच्यावर तारीख चुकली, ती दुसऱ्या दिवशी बदलून द्यावी लागली.

बाकाचा नियम सगळ्यांनी पाळला. संध्याकाळपर्यंत एकही फोन नाही. मी सातला फक्त "नाही" असं पाठवलं. बारामतीचं उत्तर आलं, "जेवलीस का?" बस्स. बाकी दिवसभर आणि पुढे आठवडाभर इतरांकडून मी जे ऐकलं ते, "धीर सोडू नको", "देवाच्या मनात असेल तेव्हा", "दत्तक का घेत नाही", "टेन्शन घेतलंस म्हणून झालं असेल". शेवटचं सगळ्यात वाईट. ते ऐकल्यावर तो एक दिवस शोधत बसावा लागतो, ज्या दिवशी आपण टेन्शन घेतलं.

तीन दिवसांनी गौरी आल्या. आमच्याकडे उभ्या गौरी, पुढ्यात त्यांची दोन बाळं बसवतात. दरवर्षी ती बाळं माझ्या हातानं बसवायची पद्धत, सुनेच्या. मी ट्रंकेतून काढली, कपडे झटकले. सासूबाईंनी माझ्या हातातून ती घेतली आणि स्वतः बसवली. "तू आरास बघ," म्हणाल्या.

नवऱ्याचं काय, हे मला फार उशिरा सुचलं. रिपोर्ट आला त्या रात्री अकराला तो खाली स्कूटर धूत होता. पावसाळ्यात, रात्री अकराला. मी वरून बघितलं आणि माझ्या दुःखात परत वळले. पुढं कळलं की क्लिनिकच्या खालच्या टपरीवर या पुरुषांचाही एक बाक होता. तिथं कांद्याचे भाव, टोल, क्रिकेट. सॅम्पल द्यायच्या दिवशी नाव लिहिलेली डबी खिशात घालून ते एकेक करून वर जायचे आणि परत आल्यावर कुणी काही विचारायचं नाही, चहा पुढं करायचे. एकदा बारामतीचे दाजी चहाचा ग्लास ठेवताना म्हणाले, "माझं बी तसंच हाय." एवढंच. नवऱ्यानं मला हे सांगितलं ते चार महिन्यांनी, आणि सांगताना तो रडला. त्या घरातल्या चार माणसांत, माझ्यासकट, जे त्याला कुणी दिलं नव्हतं ते टपरीवर मिळालं होतं.

दुसरा गर्भ जानेवारीत. या वेळी बीटा 68 आला. दोन दिवस आम्ही दोघं घरात पाय न वाजवता चाललो. अठ्ठेचाळीस तासांत तो दुपटीच्या आसपास जायला हवा. तो 41 झाला. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

जुन्नरचं पहिल्याच वेळी राहिलं. तिचाही गर्भ सप्टेंबरातच सोडलेला, माझ्यानंतर दोन दिवसांनी. तिनं आम्हाला सांगितलंच नाही. फोन बंद नाही, पण उचलत नाही. आम्हाला वाटलं, तिचंही गेलं, नियम पाळू या. दिवाळीनंतर आमच्या चिंचवडवालीला ती क्लिनिकमध्ये दिसली, पोट कळत होतं. मला राग आला. तिचं राहिलं म्हणून नाही, थोडा त्याचाही, खोटं कशाला बोलू. पण लपवलं याचा जास्त. मी तिला तसं सुनावलं फोनवर. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, सातव्या आठवड्यात तिला रक्तस्राव झाला होता, चार दिवस ती पडून होती, सासू म्हणत होती हिनंच काहीतरी खाल्लं. "तुमचं सगळ्यांचं गेलेलं, ताई. मी कुठल्या तोंडानं तुमच्याजवळ रडू?" आमचा नियम चांगला होता, पण ज्याचं राहिलं त्यानं कुणाला सांगायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. तसं होईल असं आमच्यापैकी कुणी धरलंच नव्हतं बहुतेक.

ओटीभरणाला तिनं व्हॉइस मेसेज पाठवला. "यायचं तर या, नाही आलात तर मी काही धरणार नाही. पण न सांगता राहणार नाही आता." मी गेले नाही. जमलंच नसतं. पुढच्या रविवारी कंदी पेढे घेऊन गेले, तिच्या पायांना सूज होती, तासभर बसले, तिच्या सासूचा चहा प्यायले.

कराडशी मात्र मी चुकले. ती 41 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तीन वेळा करून झालेलं, तिसऱ्या वेळी दोनच अंडी मिळाली. डॉक्टरांनी दात्या बाईचं अंडं घ्यायचं सुचवलं. कायद्यानं ती दाता 23 ते 35 वयाची असावी लागते, आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि ती कोण हे कळत नाही. कराडनं एसटीत मला सांगितलं, "मी थांबतेय." आणि मी, जिला लोकांच्या धीराच्या बोलण्याचा इतका तिटकारा, मी म्हणाले, "अजून एकदा बघा ना ताई. दात्याचं घेतलं तर यश जास्त असतं." ती काही बोलली नाही. साताऱ्याला मी उतरले, खालून हात केला, तिनं खिडकीतून बघितलं नाही.

महिनाभर तिनं फोन घेतला नाही. मग मी रविवारी सरळ कराडची गाडी पकडली. प्रीतिसंगमावर भेटलो, ती रोज तिथं फिरायला येते. मी माफी मागितली. ती म्हणाली, "सगळ्यांनी मला 'अजून एकदा' म्हटलं. माझ्या नवऱ्यानंसुद्धा. तू म्हटलंस तेव्हा वाटलं, संपलं, आता कुणाला सांगायचं नाही." मग आम्ही भेळ खाल्ली. तिच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांनी विज्ञान प्रदर्शनात काय उद्योग केला ते ती सांगत राहिली, हसून हसून तिचा ठसका जाईना. थर्माकोलचा डबा मी बरोबर नेला होता, परत द्यायला. ती म्हणाली, "मला कशाला आता? दे कुणाला तरी." तो आता फलटणच्या एका मुलीकडे आहे, मार्चमध्ये बाकावर आली होती.

आमचा एक गर्भ अजून ठेवलेला आहे. वर्षाचं साठवणीचं भाडं भरलं. पतसंस्थेचं कर्ज अजून फिटायचंय, त्यामुळे दिवाळीनंतर बघू असं ठरलंय. नवरा म्हणतो, तू म्हणशील तेव्हा. मी म्हणते, तुम्ही पण म्हणा काहीतरी.

परवा सकाळी फ्रीज उघडला तर दारातल्या वरच्या खणात दह्याचं भांडं. वर्षभर तो खण रिकामाच होता, कुणी कोथिंबिरीची काडी ठेवली नव्हती. सासूबाई मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "काढते काढते, चुकून ठेवलं." मी सांगितलं, पुढच्या वेळेला फ्रीजमधली इंजेक्शनं नसतात, गोळ्या आणि ती तेलाचीच, ती बाहेर राहतात. दही राहू दे.

"बघ हं," त्या म्हणाल्या, आणि आल्याचे तुकडेही वर आणून ठेवले.